त्यागभूमीची गाणी कोणाकडे गेली

तंजावूरहून कुंभकोणमकडे जाताना कुडमुरुट्टी नदीच्या काठी पापनाशम लागतं. एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ आणि नायक राजांच्या काळातलं विटांचं प्रचंड धान्यकोठार या इथल्या दोन जुन्या खुणा. देवळापेक्षा कोठार या मुलखाबद्दल जास्त सांगतं. कावेरीच्या या खोऱ्यात सत्ता म्हणजे भात, आणि भात म्हणजे जमीन. ती ज्यांच्याकडे होती त्यांना इथेही मिरासदारच म्हणत. हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या हातांनी हे भात लावलं, कापलं, झोडपलं, त्यांची वस्ती गावाबाहेर होती. अशा गावाशी नाव जोडलेल्या दोन माणसांनी १९३९ साली मिळून एक तमिळ बोलपट केला. दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम यांचा जन्मच पापनाशमचा, १९०४ सालचा. गीतकार आणि नायक पापनाशम शिवन यांनी तर गावाचं नाव आपल्या नावापुढे कायमचं लावलं. चित्रपटाचं नाव ‘त्यागभूमी’. २० मे १९३९ ला तो मद्रासला लागला आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली. राजकीय आशयामुळे ब्रिटिश अमलात बंदी आलेल्या दक्षिणेतल्या चित्रपटांत त्याचं नाव आजही आधी घेतलं जातं. त्या गाण्यांचं पुढे काय झालं, म्हणजे त्यांचा वारसा कोणाकडे गेला, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की निषेधाच्या संगीताचा वारसा त्याच्या शब्दांतून क्वचितच पुढे जातो. पुढे जातं ते साधन, आणि ते बहुतेक वेळा अशांच्या हाती पडतं ज्यांना मूळ गाणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेलं असतं.

हा प्रश्न नीट मांडायला एक फार दूरचं उदाहरण उपयोगी पडतं. १९८० च्या आसपास अमेरिकेत ‘हार्डकोअर पंक’ नावाचं संगीत उभं राहिलं. दीड-दोन मिनिटांची गाणी, अतिवेगवान ताल, किंचाळण्याच्या काठावरचा आवाज आणि रेगन यांच्या राजवटीवर, अणुयुद्धाच्या भीतीवर, पोलिसांवर, शहरी कंटाळ्यावर थेट बोलणारे शब्द. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘डेड केनेडीज’, कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरचा ‘ब्लॅक फ्लॅग’, वॉशिंग्टनचे ‘बॅड ब्रेन्स’ आणि ‘मायनर थ्रेट’ ही त्यातली मोठी नावं. आज त्यांच्या गाण्यांतले किती संदर्भ नव्या श्रोत्याला टिपेशिवाय कळतात? रेगन गेले, शीतयुद्ध संपलं, कॅलिफोर्नियाच्या ज्या गव्हर्नरवर ‘डेड केनेडीज’ने पहिली तबकडी काढली त्याची तेव्हाची कारकीर्दही संपली. तरी या संगीताचा वारसा जगभर जिवंत आहे. मोठ्या कंपनीने दार बंद केलं तर आपली तबकडी आपण काढायची, तिचं वेष्टण हाताने चिकटवायचं, तिकीट स्वस्त ठेवायचं, शाळकरी पोरांनाही आत घ्यायचं, आपलं नियतकालिक झेरॉक्सवर छापायचं, या सवयींत तो आहे. इयन मॅके आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये आपल्या मोडलेल्या बँडची एक तबकडी काढायला ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था सुरू केली. बँड विसरला गेला, संस्था टिकली. शब्द जुने होतात, साधन राहतं, असं मी म्हणतो ते या अर्थाने. हेच माप कावेरीकाठी लावलं तर काय दिसतं?

त्यासाठी आधी या खोऱ्याच्या कानात काय भरलेलं होतं ते पाहिलं पाहिजे. आपल्या दृष्टीने या कथेतला हा सर्वांत जवळचा भाग. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावूर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे कमी-अधिक अधिकाराने चाललं. त्या पावणेदोनशे वर्षांत मराठी कीर्तन कावेरीच्या पाण्यात मुरलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर कृष्ण भागवतर यांनी जी तमिळ हरिकथा घडवली तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद आपल्या मूळ नावांसकट वावरतात. कुंभकोणमच्या परिसरात मरुदनल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी जी सामुदायिक भजनाची पद्धत बांधली तिच्यातही अभंगांना मानाची जागा मिळाली. पापनाशम तालुक्यातल्या मेलट्टूरला ‘भागवतमेळा’ ही नृत्यनाट्याची परंपरा चालूच होती. म्हणजे गावाने एकत्र बसून गाणं ऐकायचं, गाण्यातून गोष्ट ऐकायची आणि गोष्टीतून बरं-वाईट ठरवायचं, ही सवय इथे आधीपासून होती. तिच्यातून बंडाचा सूरही निघाला होता. मायवरमजवळच्या आनंदतांडवपुरमशी जोडलेल्या गोपालकृष्ण भारती यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी ‘नंदन चरित्र’ रचलं. चिदंबरमच्या नटराजाचं दर्शन घेऊ पाहणाऱ्या अस्पृश्य शेतमजुराची ही कथा. मूळ पुराणात मालक नव्हता. भारतींनी जमीनदार ब्राह्मण आणला आणि कोठार कोणाचं व घाम कोणाचा हा प्रश्न देवाच्या दारात उभा केला. शेवट अर्थातच अग्निप्रवेशाचा आणि मोक्षाचा आहे; मजुरीचा नाही. पण रजा मागणारा मजूर आणि रजा नाकारणारा मालक एकदा गाण्यात शिरल्यावर त्यांना बाहेर काढणं कोणालाच जमलं नाही.

पापनाशम शिवन या परंपरेतून आले. जन्म १८९० चा, तंजावूर जिल्ह्यातल्या पोलगमचा. लहानपणी वडील गेले, आई मुलांना घेऊन त्रिवेंद्रमला आली. संस्कृत आणि व्याकरणाचं शिक्षण तिथे झालं. आईच्या मृत्यूनंतर काही काळ देवळांतून भटकंती केली आणि ते पापनाशमला भावाकडे आले. तिथे अंगभर भस्म लावून भजनात रंगणाऱ्या या तरुणाला लोक शिवन म्हणू लागले, आणि मूळ नाव मागे पडलं. पुढे मद्रासच्या मैलापूरमध्ये ते मार्गळी महिन्याच्या पहाटे देवळाभोवतीच्या रस्त्यांतून भजन करत फिरत. मोठमोठे गवई त्यांच्या मागे चालत. त्यांची पुष्कळ रचना तमिळमध्ये आहे, आणि कर्नाटक संगीताच्या मैफली तेलुगू कृतींनी भरलेल्या असताना हीच एक भूमिका होती. चित्रपटाला त्यांनी शेकडो गाणी दिली. एम. के. त्यागराज भागवतर या त्या काळच्या सर्वांत लाडक्या गायक-नटाचा आवाज आणि शिवन यांची पदं हे समीकरण १९४४ च्या ‘हरिदास’पर्यंत गाजलं; त्या चित्रपटाच्या कथेत तर आपल्या पुंडलिकाचीच छाया आहे. अशा माणसाला निषेधाचा संगीतकार म्हणणं ओढून ताणून वाटेल. त्या आक्षेपाकडे येतोच.

सुब्रह्मण्यम यांचा पिंड वेगळा. वकिलाचा मुलगा, स्वतःही वकील, मग चित्रपटात. १९३४ च्या ‘पवळक्कोडी’त त्यांनी भागवतर यांना पडद्यावर आणलं. १९३७ च्या ‘बालयोगिनी’त त्यांनी ब्राह्मण विधवेची दुर्दशा आणि जातीचा बहिष्कार समोर ठेवला, आणि विधवेच्या भूमिकेसाठी खरोखरच्या विधवा ब्राह्मण स्त्रीला घेतलं. तंजावूरच्या सनातन्यांनी सभा घेऊन त्यांना जातीबाहेर काढल्याची नोंद तमिळ चित्रपटाच्या इतिहासात आहे. १९३८ चा ‘सेवासदनम’ प्रेमचंदांच्या कादंबरीवरचा, त्यातून एम. एस. सुब्बुलक्ष्मी पडद्यावर आल्या. यानंतर ‘त्यागभूमी’. कथा तमिळ लेखक कल्कींची. तेही याच जुन्या तंजावूर जिल्ह्याचे, असहकाराच्या हाकेला ओ देऊन शाळा सोडलेले, तुरुंग पाहिलेले. चित्रपट तयार होत असतानाच ती कथा ‘आनंद विकटन’मध्ये चित्रपटातल्याच छायाचित्रांसह क्रमशः येत होती. साप्ताहिक वाचणारं घर आणि चित्रपटगृहातली गर्दी एकाच गोष्टीने बांधली गेली. ही युक्ती दिसते त्याहून मोठी आहे: श्रोता तयार करण्याचं काम तबकडी, छापील पान आणि पडदा तिघांनी मिळून केलं.

कथेचा नायक शंभू शास्त्री. वादळी रात्री तो अस्पृश्य वस्तीतल्या माणसांना आपल्याकडे आसरा देतो आणि अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांची वस्ती, त्याला वाळीत टाकतो. त्याची मुलगी सावित्री सासरी छळली जाते, टाकली जाते, मूल बापाच्या जवळ सोडून मुंबईला जाते आणि काही वर्षांनी श्रीमंत होऊन वेगळ्या नावाने परतते. आता नवऱ्याला बायको हवी असते. तो कोर्टात नांदायला येण्याचा दावा लावतो. तिथे ती सांगते की हवं तर मीच त्याला पोटगी देईन, पण त्याच्या घरी जाणार नाही. १९३९ साली, हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदाच नसताना, हे वाक्य पडद्यावर उच्चारलं गेलं. शेवटी ती संपत्ती सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरते. शंभू शास्त्रींचं काम खुद्द शिवन यांनी केलं. भस्म लावणारा, भजन करणारा हा माणूस पडद्यावर गांधींच्या वाटेने जाताना प्रेक्षकांना अभिनय वाटला नसावा. आणि देशसेवेची हाक देणाऱ्या गाण्याला आवाज होता डी. के. पट्टम्माळ यांचा. कांचीपुरमच्या ब्राह्मण घरातली ही मुलगी जाहीर मैफलीत बसली हेच तेव्हा धक्कादायक होतं. शृंगाराची गाणी गाणार नाही, भक्तीची आणि देशाची गाईन, अशी अट घालून त्या चित्रपटसंगीतात आल्या. काँग्रेसचं मंत्रिमंडळ असेपर्यंत चित्रपट चालला. ऑक्टोबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून राजाजींच्या सरकारने राजीनामा दिला, गव्हर्नरची राजवट आली आणि १९४० मध्ये बंदीचा हुकूम निघाला. तो अमलात येण्याआधी गेइटी चित्रपटगृहात फुकट खेळ लावले गेले. लोटलेल्या गर्दीवर लाठ्या चालल्या.

पहिला आक्षेप इथेच येतो. ही भक्तीची गाणी, रागदारीत बांधलेली, गोड. यात निषेध कुठला? याचं उत्तर सरकारच्या कानांनी आधीच दिलेलं आहे. मद्रास सरकारने १९२८ मध्ये कवी सुब्रह्मण्य भारतींची देशगीतं जप्त केली आणि त्यावर विधिमंडळात सत्यमूर्तींनी वाद घातला. विश्वनाथ दास हा न्हाव्याच्या जातीत जन्मलेला नट पौराणिक नाटकात मुरुगनच्या वेशात उभा राहून पांढऱ्या बगळ्याचं रूपक घेऊन इंग्रजांवर गाणं म्हणे, आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात जाई. १९३० मध्ये राजाजी तिरुचिरापल्लीहून याच जिल्ह्यातल्या वेदारण्यमला मीठ उचलायला निघाले तेव्हा नामक्कल रामलिंगम पिळ्ळै यांचं पदयात्रेचं गाणं सत्याग्रह्यांच्या तोंडी होतं. कलेक्टर थॉर्न यांनी तर सत्याग्रह्यांना जेवण देणाऱ्यालाही शिक्षेची धमकी दिली होती. गाणं किती मोठ्याने म्हटलं यावर निषेध ठरत नाही. ऐकणाऱ्या सत्तेला ते कुठे टोचतं यावर ठरतो. मराठी वाचकाला तर हे अधिक सहज पटावं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त महाभारताबाहेरचं काहीच नव्हतं, तरी १९१० मध्ये त्यावर बंदी आली. शांताराम यांनी एकनाथांवर काढलेल्या ‘प्रभात’च्या चित्रपटाचं ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरने चालू दिलं नाही, म्हणून १९३५ मध्ये तो ‘धर्मात्मा’ झाला. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधींसारखा दिसतो म्हणून मद्रास प्रांतात तो रोखला गेला, आणि तो तर मूकपट होता. भक्ती हा मुखवटा होता असं मात्र मी म्हणणार नाही. शिवन यांची भक्ती खरी होती. देवाला सगळे सारखे, या वाक्याचा अर्थ कोणी शब्दशः घेतला की ते राजकीय होतं, इतकंच. आपल्या वारकऱ्यांचा सगळा इतिहास याच वळणावरचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अर्धा मान्य करावा लागतो. अमेरिकेतल्या पोरांनी खिशातल्या पैशांतून तबकड्या काढल्या. ‘त्यागभूमी’ मात्र स्टुडिओत, भांडवलावर, वितरकाच्या जाळ्यातून निघाला. त्याला स्वतःच्या हाताने घडवलेलं म्हणता येत नाही. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बाध येत नाही, उलट जोर मिळतो. काही काळ सुब्रह्मण्यम यांच्याकडे स्वतःचा स्टुडिओ होता, स्वतःची कंपनी होती. बहिष्काराला, धमकीला आणि सरकारलाही ते तोंड देऊ शकले ते त्यामुळे. आगीत तो स्टुडिओ जळाला आणि लिलावात ‘त्यागभूमी’चे वितरक व ‘आनंद विकटन’चे मालक एस. एस. वासन यांनी तो घेतला. त्याचा ‘जेमिनी’ झाला. १९४२ चा ‘नंदनार’ तिथूनच निघाला, त्यातही शिवन यांची पदं होती. पण १९४८ पर्यंत ‘जेमिनी’ची ओळख ‘चंद्रलेखा’च्या नगाऱ्यांवरच्या नाचाने ठरली होती. वासन यांना दोष देण्याचं कारण नाही, तो त्यांचा धंदा होता. साधन कोणाकडे आहे यावर गाण्याचा रोख ठरतो, एवढाच याचा धडा. अमेरिकेत हे फार लवकर ओळखलं गेलं होतं. बर्कलीच्या गिलमन रस्त्यावर १९८६ च्या शेवटच्या रात्री एक सभागृह उघडलं. मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या बँडला तिथे पुन्हा वाजवता येत नसे. तिथेच वाढलेला ‘ग्रीन डे’ १९९४ मध्ये मोठ्या कंपनीच्या तबकडीने जगप्रसिद्ध झाला आणि त्या दारासाठी परका झाला. हा नियम कठोर, काहींना हट्टी वाटेल असा. पण भांडवल गाण्याचा अर्थ कसा गिळतं हे त्या पोरांना कळलं होतं, म्हणून त्यांनी तो केला.

आता मुख्य पुराव्याकडे. १९३९ च्या मे महिन्यात स्वातंत्र्याचं गाणं ऐकवणारा चित्रपट लागला तेव्हा मद्रासमध्ये ज्यांचं राज्य होतं त्या राजाजींच्या सरकारने १९३८ मध्ये शाळांत हिंदी सक्तीची केली होती आणि तिच्याविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या शेकडो लोकांना तुरुंगात टाकलं होतं. त्यांतला ताळमुत्तू हा तरुण पापनाशमजवळच्या कुंभकोणमचा. मार्च १९३९ मध्ये तो कैदेत असताना मेला. म्हणजे चित्रपटाच्या दोनच महिने आधी. शंभू शास्त्रींच्या औदार्यावर डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांत ताळमुत्तूच्या गावची माणसं असणारच. त्यांना पडद्यावरच्या स्वातंत्र्यात आपली जागा कुठे दिसली असेल? चित्रपटात अस्पृश्यांवर दया होते, पण दया करणारा ब्राह्मण आहे आणि कथा त्याच्या दुःखाची आहे. वादळात आसरा मिळतो, जमीन मिळत नाही. ही मर्यादा मी काळाची म्हणून सोडून देत नाही, कारण याच जिल्ह्यात, याच काळात ती ओळखणारे लोक होते. पेरियार यांच्या स्वाभिमान चळवळीने ती ओळखली होती. आणि त्या चळवळीतून पुढे आलेल्या तरुणांनी चित्रपटाकडे पाहून नेमकं तेच उचललं जे त्यांना लागणार होतं: कथा, साप्ताहिक, तबकडी आणि पडदा यांची जोडणी.

त्या तरुणांतल्या अण्णादुरै यांचे ‘नल्लतंबी’ आणि ‘वेलैक्कारी’ हे दोन्ही चित्रपट १९४९ चे. जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्याच तिरुक्कुवळैचे करुणानिधी यांनी संवाद लिहिलेला ‘पराशक्ती’ १९५२ च्या दिवाळीत लागला. त्यातही गोष्ट कोर्टात पोचते. ‘त्यागभूमी’त कोर्टात सावित्रीने नवऱ्याला जाब विचारला होता, ‘पराशक्ती’त शिवाजी गणेशन यांच्या तोंडून देऊळ, पुजारी, सावकार आणि सरकार या सगळ्यांना जाब विचारला गेला. त्यावरही बंदी घालण्याची मागणी झाली, आणि तेव्हाचं सरकार पुन्हा काँग्रेसचं होतं, पुन्हा राजाजींचं. फरक एक पडला: गाण्याची जागा संवादाने घेतली. रागदारी सर्वांना कळत नव्हती. यमकांनी भरलेलं, तालात चालणारं तमिळ गद्य सर्वांना कळत होतं. त्या संवादांच्या तबकड्या विकल्या गेल्या, पुस्तिका छापल्या गेल्या, सलूनमध्ये आणि चहाच्या दुकानात ते संवाद पाठ म्हटले गेले. १९६७ मध्ये या द्रविड चळवळीतल्या लोकांनी राज्य घेतलं. त्यानंतर पन्नास वर्षं तमिळनाडूचे बहुतेक मुख्यमंत्री चित्रपटातून आलेले होते. पापनाशमच्या दोन माणसांनी गांधींसाठी जे हत्यार घडवलं ते गांधींच्या पक्षाला तमिळनाडूतून घालवायला कामी आलं. शिवन यांना याचं समाधान वाटण्याचं कारण नव्हतं; त्यांना १९७२ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि पुढच्या वर्षी ते गेले. विचारांचा वारसा म्हणून पाहिलं तर हा पराभवच. साधनाचा वारसा म्हणून पाहिलं तर तमिळ राजकारणात याहून फलदायी चित्रपट दाखवणं कठीण आहे.

कोणी म्हणेल, हा योगायोग आहे. द्रविड चळवळीला नाटक होतं, वक्तृत्व होतं, चित्रपट तिला असाही मिळालाच असता. कदाचित. पण हाच आकार दुसरीकडेही दिसतो तेव्हा योगायोगाचं स्पष्टीकरण अपुरं पडतं. अमेरिकेतलं हार्डकोअर समतेच्या घोषणा देत होतं, तरी मंचासमोरच्या धक्काबुक्कीत मुली मागे ढकलल्या जात होत्या. ‘बॅड ब्रेन्स’सारखे कृष्णवर्णीय वादक त्याच्या उगमापाशी असूनही पुढची बहुतेक गर्दी गोऱ्या पोरांची होती. १९९१ च्या सुमारास ऑलिम्पिया आणि वॉशिंग्टनच्या मुलींनी ‘बिकिनी किल’सारख्या बँडमधून तेच झेरॉक्सचं नियतकालिक, तीच स्वस्त तबकडी, तीच छोटी सभागृहं घेतली आणि मुलींनी पुढे यावं असं मंचावरून सांगितलं. आणि आपल्याकडे? लावणी-तमाशा ज्यांच्या जातींच्या घामावर उभा होता त्यांतल्याच अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारलं. तमाशातली गण-गवळण बाजूला सारून कामगाराचं गाणं आणलं. सरकारने तमाशावर बंधनं घातली तेव्हा त्याला लोकनाट्य म्हटलं. सत्यशोधक जलसा, मग आंबेडकरी जलसा, मग कलापथक अशी ती साखळी आहे, आणि प्रत्येक कडीत साधन आधीच्याचं, बोलणारा नवा. पुढे सरकारच्या प्रचारखात्यांनीही कलापथकाचा साचा उचलला. साधन चांगल्याच हाती पडतं असं मी म्हटलेलं नाही.

पण कावेरीच्या खोऱ्यातला हिशेब इथे संपत नाही, कारण कोठारात भात भरणारा माणूस अजून बाहेरच आहे. द्रविड चित्रपटाने ब्राह्मणाला जाब विचारला; मिरासदार ब्राह्मण नसला तर काय, हा प्रश्न त्याने फारसा ताणला नाही. १९४० च्या दशकापासून या जिल्ह्यातल्या शेतमजुरांना बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी संघटित केलं. चाबकाचे फटके आणि शेणाचं पाणी पाजण्याची शिक्षा बंद करणं, हे त्यांच्या पहिल्या मागण्यांपैकी होतं. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, अण्णादुरै मुख्यमंत्री असताना, जुन्या तंजावूर जिल्ह्यातल्या कीळवेणमणीत मजुरी वाढवून मागणाऱ्या दलितांच्या वस्तीवर जमीनदारांची माणसं चालून आली. एका झोपडीत लपलेली ४४ माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, जिवंत जाळली गेली. नंदनच्या कथेतली आग मोक्षाची होती. ही तशी नव्हती. या लोकांकडे स्टुडिओ नव्हता, साप्ताहिक नव्हतं. परै होती: आपल्या हलगीसारखं चौकटीवर ताणलेलं कातडं, ज्याच्या नावावरून एका जातीचं नाव पडलं आणि जे मयताला वाजवणं त्या जातीवर लादलेलं काम होतं. महाराष्ट्रात आंबेडकरांच्या हाकेनंतर महारांनी गावकीची कामं सोडली, तसं तमिळ मुलखातही अनेक गावांनी मयताला परै वाजवायला नकार दिला आणि मार खाल्ला. नंतरच्या पिढीने तीच परै उलट दिशेने उचलली, अपमानाचं वाद्य म्हणून टाकायची नाही, मोर्चात आणि मंचावर आपणहून वाजवायची. वाद्य तेच राहिलं, ते कोणाच्या हुकमाने वाजायचं एवढं बदललं.

जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी जमवलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’चा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. जातिभेदाविना असणाऱ्या तमिळ माणसासाठी अयोत्तिदास पंडितांनी शतकापूर्वी जो शब्द वापरला त्यावरून हे नाव. मंचावर उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला ‘गाना’ हा गाण्याचा प्रकार होता, रॅप होता, विजेची गिटार होती, आणि परै होती. आरक्षणावर, गोमांसावर, आंबेडकरांवर थेट गाणी. अमेरिकन पंकने वापरलेली गिटार आणि कावेरीकाठच्या मजुराचं कातडं इथे एकाच मंचावर आलं. महिना मार्गळीचा होता. याच महिन्यात शिवन मैलापूरच्या रस्त्यांतून पहाटेचं भजन घेऊन निघत, आणि याच महिन्यात चेन्नईच्या सभागृहांत कर्नाटक संगीताचा मोसम भरतो, ज्यात त्यांच्या कृती दरवर्षी गायल्या जातात. २०२० च्या डिसेंबरपासून रंजित यांच्या नीलम संस्थेने मार्गळीतच आपला वेगळा उत्सव सुरू केला. ‘मार्गळीयिल मक्कळिसै’ म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत. त्यात गाना असतो, मयताला गायची ओप्पारी असते आणि परै असते.